आभाळातलं सीझियम आणि काळं रान

अमेरिका आणि सोव्हिएत रशियाने 1962पर्यंत उघड्यावर अणुबॉम्ब उडवले. त्यांतलं सीझियम-137 आणि स्ट्रॉन्शियम-90 पावसाबरोबर उत्तर गोलार्धात सगळीकडे उतरलं, तसं परभणीच्या रानातही. सर्वांत जास्त पडलं ते 1963च्या सुमारास. 1972 साली परभणीला कृषी विद्यापीठ आलं, तोवर ते मातीत मुरलंही होतं. दोन्हींचं अर्धआयुष्य तीसेक वर्षांचं, म्हणजे साठ वर्षांनी चौथा हिस्सा उरतो.

पिकात शिरायला या द्रव्यांना दोन वाटा. नुकतं पडलेलं पानावर बसतं, म्हणून पहिला धोका पालेभाजीला आणि हिरव्या चाऱ्याला. पुढे मुळांची वाट, आणि तिथे माती आडवी येते. झाडाला सीझियम पोटॅशसारखं वाटतं, स्ट्रॉन्शियम कॅल्शियमसारखं. आपल्या काळ्या जमिनीत पोटॅश भरपूर, चुनखडीही भरपूर. त्यामुळे मुळं खऱ्या अन्नावरच भागवतात. शिवाय चिकणमातीचे कण सीझियम धरून ठेवतात. वाळूच्या, आम्लधर्मी जमिनीत ते मोकळं राहतं आणि पिकात सहज चढतं.

महाराष्ट्रात हा विषय चर्चेत आला तो लोण्यामुळे. एप्रिल 1986मध्ये चेर्नोबिलचा अणुभट्टी-अपघात झाला आणि पाठोपाठ आयर्लंडचं लोणी मुंबईत आलं. तिथल्या कुरणांवर किरणोत्सारी पाऊस पडला होता. गवतातून गाय, गायीतून दूध, अशी साखळी लोकांना चटकन कळली. प्रकरण उच्च न्यायालयातून सर्वोच्च न्यायालयात गेलं. तज्ज्ञ समितीने लोणी खाण्यास सुरक्षित ठरवलं आणि 1988मध्ये न्यायालयाने तेच मानलं. गंमत म्हणजे सीझियम पाण्यात विरघळतं, त्यामुळे घुसळल्यावर त्यातलं बहुतेक ताकात जातं आणि लोण्यात फार थोडं उरतं. घरोघरी रवी फिरत असलेल्या राज्यात ही गोष्ट तेव्हाच सोप्या मराठीत सांगायला हवी होती. लोकांची भीती मात्र खुळी नव्हती; मोजमाप मागणं हा त्यांचा हक्कच होता.

2011 साली जपानात फुकुशिमाचा अणुभट्टी-अपघात झाला. जपानने शेतांतला वरचा सुमारे पाच सेंटिमीटर थर खरवडून काढला आणि भाताला पोटॅश वाढवून दिलं. पोटॅशने धान्यातलं सीझियम घटलं. आपल्याकडे पोटॅशचा उपाय निम्मा जमिनीनेच केलेला आहे, पण खरवडायचं कुठवर? एप्रिल-मेमध्ये भारी रान हातभर भेगाळतं, वरची माती भेगांत ढासळते आणि पहिल्या मोठ्या पावसात भेगा मिटतात. वर पडलेलं वरच राहील, याची काळ्या रानात खात्री नाही.