दहा कोटी खाती आणि २३,४०० नोंदी

सोनीने २० एप्रिल २०११ रोजी प्लेस्टेशन नेटवर्क बंद केले, तेव्हा त्यावर ७ कोटी ७० लाख खाती होती. या खात्यांतील नाव, पत्ता, ईमेल, जन्मतारीख आणि पासवर्ड चोरांच्या हाती गेल्याचे कंपनीने जाहीर केले ते २६ एप्रिलला, म्हणजे सहा दिवसांनी. २ मे रोजी सोनी ऑनलाइन एंटरटेनमेंट या तिच्याच दुसऱ्या कंपनीतील २ कोटी ४६ लाख खात्यांची भर पडली. एकूण १० कोटी १६ लाख. त्याच वर्षीच्या जनगणनेत महाराष्ट्राची लोकसंख्या ११ कोटी २४ लाख भरली होती. फुटलेली खाती तिच्या ९० टक्के होतात. ही तुलना आकाराचा अंदाज येण्यापुरतीच घ्यावी. एकाच खेळाडूची दोन-तीन खाती असू शकतात, आणि खाते मोजले म्हणजे माणूस मोजला असे होत नाही.

कन्सोल उद्योगातील माहितीचोरीची चर्चा आजही या आकड्यापासून सुरू होते. तो मोठा आहे. पण चोरी कशी झाली हे समजायला त्याचा फारसा उपयोग नाही. त्यासाठी त्याची फोड करावी लागते.

७ कोटी ७० लाखांपैकी १ कोटी २३ लाख खात्यांत क्रेडिट कार्डाचा तपशील होता, म्हणजे १६ टक्के. त्यातली ५६ लाख खाती अमेरिकेतली. सोनीच्या गेम विभागाचे तेव्हाचे प्रमुख काझुओ हिराई यांनी मे २०११ च्या पहिल्या आठवड्यात अमेरिकी प्रतिनिधिगृहाच्या उपसमितीला पाठवलेल्या उत्तरात हे आकडे दिले. कार्डांची माहिती सांकेतिक रूपात साठवलेली होती आणि ती कोणी मागवल्याचे तपासात दिसले नाही. तरीही ती गेलीच नाही असे खात्रीने सांगता येत नव्हते. त्यामुळे १ कोटी २३ लाख हा आकडा चोरीचा नाही, शक्यतेचा आहे. बातम्यांत हा फरक बहुतेक ठिकाणी गळाला.

त्याच पत्रानुसार नेटवर्कचा डोलारा सुमारे १३० सर्व्हरवर उभा होता आणि संशय होता त्यातल्या १० सर्व्हरवर. हे प्रमाण ७.७ टक्के भरते. खाती ७.७ कोटी, सर्व्हर ७.७ टक्के, हा निव्वळ योगायोग, पण १० यंत्रांतून सगळ्या खातेदारांपर्यंत पोहोचता आले हा योगायोग नव्हे.

सर्वात लहान आकडा दुसऱ्या कंपनीचा. २ कोटी ४६ लाख खात्यांसोबत तिथे पैशांशी संबंधित दोन याद्या उघड्या पडल्या होत्या. एकीत अमेरिकेबाहेरच्या ग्राहकांच्या १२,७०० कार्डांचे क्रमांक आणि मुदत होती. दुसरीत ऑस्ट्रिया, जर्मनी, नेदरलँड्स आणि स्पेनमधल्या ग्राहकांच्या खात्यातून थेट पैसे वळते करण्याच्या १०,७०० नोंदी होत्या. एकूण २३,४००, म्हणजे त्या कंपनीच्या हजार खात्यांमागे एकही नाही. या नोंदी रोजच्या कामाच्या नव्हत्याच. त्या २००७ सालच्या एका जुन्या डेटाबेसमध्ये होत्या. चार वर्षे माळ्यावर पडून राहिलेली ट्रंक चोराने खाली काढली, असे म्हणायला हरकत नाही.

खर्चाचा हिशेब सोनीने २३ मे २०११ ला मांडला. अंदाज १,४०० कोटी येनांचा, तेव्हाच्या दराने सुमारे १७ कोटी १० लाख डॉलर किंवा ७७० कोटी रुपये. ओळखचोरीपासून संरक्षण, ग्राहकसेवा, सुरक्षाव्यवस्थेची सुधारणा, वकील आणि तज्ज्ञ, परतलेल्या खेळाडूंना द्यायचे मोफत गेम हे सगळे त्यात धरले होते. १० कोटी १६ लाखांनी भागल्यास खात्यामागे १३८ येन, म्हणजे सुमारे ७६ रुपये. कंपनीची मार्च २०११ ला संपलेल्या वर्षाची विक्री ७.१८ लाख कोटी येन होती. तिच्या हजार येनांमागे हा खर्च दोन येनांहूनही किंचित कमी भरतो. त्या वर्षीचा तोटा आधीच्या वर्षाच्या ४,०८० कोटी येनांवरून सुमारे २६,००० कोटींवर गेला आणि अनेकांनी तो चोरीच्या नावावर टाकला. ते चूक होते. तोट्याचे मुख्य कारण करविषयक जमाखर्चातली एक मोठी तरतूद हे होते, आणि चोरीचा खर्च तर पुढच्या वर्षाच्या अंदाजात धरलेला होता.

दंड याहून लहान. ब्रिटनच्या माहिती आयुक्तांनी जानेवारी २०१३ मध्ये, म्हणजे २१ महिन्यांनी, अडीच लाख पौंड ठोठावले. रुपयांत दोन कोटींच्या आसपास. तेव्हाच्या कायद्यात कमाल मर्यादाच पाच लाख पौंडांची होती. आयुक्तांचे निरीक्षण दंडापेक्षा जड आहे: सॉफ्टवेअर अद्ययावत ठेवले असते तर हल्ला टाळता आला असता. भारताच्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात सुरक्षेतील हलगर्जीला कमाल दंड २५० कोटी रुपये आहे. सोनीच्या त्या अंदाजाच्या तो साधारण एक तृतीयांश होतो.

याच काळातली कन्सोलची कथा वेगळी आणि अधिक गमतीची आहे. प्लेस्टेशन ३ वर कोणतीही फाइल चालायची तर तिच्यावर सोनीची डिजिटल स्वाक्षरी लागे. या स्वाक्षरीच्या गणितात प्रत्येक वेळी एक नवी, यादृच्छिक संख्या घालावी लागते. डिसेंबर २०१० मध्ये बर्लिनच्या एका परिषदेत संशोधकांनी दाखवून दिले की सोनी दर वेळी तीच संख्या वापरत होती. अशा दोन स्वाक्षऱ्या हाती आल्या की शाळेच्या पातळीच्या बीजगणिताने गुप्त किल्ली काढता येते. दर खेपेला बदलायला हवा होता असा एक आकडा बदलला नाही, आणि सगळे कुलूप निकामी झाले. जानेवारीत मुख्य किल्ली इंटरनेटवर आली, सोनीने ती टाकणाऱ्यावर खटला भरला, ११ एप्रिलला तडजोड जाहीर झाली, आणि १७ एप्रिलला नेटवर्कमध्ये घुसखोरी सुरू झाली. मधले अंतर सहा दिवसांचे. एवढ्यावरून दोन घटनांचे नाते सिद्ध होत नाही.

निन्टेन्डोचे आकडे आकाराने खूप लहान आहेत. २४ एप्रिल २०२० ला कंपनीने १ लाख ६० हजार खात्यांत परक्यांनी प्रवेश केल्याचे सांगितले. ९ जूनला आणखी १ लाख ४० हजारांची भर टाकून आकडा तीन लाखांवर नेला. दीड महिन्यात वाढ ८७.५ टक्के. ही वाढ नव्या चोरीची नव्हती, मोजणी पुढे सरकल्याची होती. इथेही वाट जुन्याच दाराने गेली. वी यू आणि ३डीएस या मागल्या पिढीच्या यंत्रांसाठी असलेल्या ओळखक्रमांकाने नव्या खात्यात शिरता येत होते. पासवर्ड इतरत्र चोरलेले होते. ज्यांनी दोन्हीकडे एकच पासवर्ड ठेवला, त्यांच्या खात्याला जोडलेल्या पैशांतून खरेदी झाली. निन्टेन्डोने अखेर त्या ओळखक्रमांकाने होणारा प्रवेशच बंद केला.

नोव्हेंबर २०२० मध्ये जपानच्या कॅपकॉमवर खंडणीखोरांनी हल्ला केला. तिचा हिशेब वाचताना तीन आकडे शेजारी ठेवावेत. माहिती गेली असण्याची शक्यता असलेले लोक आधी कमाल साडेतीन लाख होते, जानेवारी २०२१ मध्ये ३ लाख ९० हजार झाले. एप्रिल २०२१ च्या अंतिम अहवालात ज्यांची माहिती गेल्याचे प्रत्यक्ष सिद्ध झाले असे लोक १५,६४९ निघाले. शक्यतेच्या चार टक्के. मथळा साडेतीन लाखांना मिळाला. पाच महिन्यांनी आलेल्या १५,६४९ कडे कोणी फिरकले नाही. आणि प्रवेशाचे ठिकाण? अमेरिकेतल्या उपकंपनीत व्हीपीएनचे एक जुने यंत्र, करोनाकाळात अडीअडचणीला असावे म्हणून न काढता ठेवलेले.

या ओळीत न बसणारे उदाहरणही आहे. मे २०२३ च्या अखेरीस मूव्हइट या फाइल पाठवण्याच्या सॉफ्टवेअरमधील दोष चोरांनी वापरला, तो तोवर सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांनाही माहीत नव्हता. तिथे काही जुने साठवल्याचा प्रश्न नव्हता. सोनीच्या गेम विभागाला घुसखोरी कळली २ जूनला; ६,७९१ आजी-माजी कर्मचारी आणि त्यांच्या कुटुंबीयांना पत्रे गेली ती ऑक्टोबरमध्ये. २०११ मध्ये कोट्यवधींना सांगायला सहा दिवस लागले म्हणून अमेरिकी खासदारांनी जाब विचारला होता. सात हजारांहून कमी लोकांना सांगायला चार महिने लागले, तेव्हा तशी ओरड झाली नाही. युरोपच्या कायद्यात नियामकाला कळवण्याची मुदत २०१८ पासून ७२ तासांची आहे.

२०२३ च्याच डिसेंबरात मोजमापाचे एककच बदलले. सोनीच्या मालकीच्या इन्सोम्नियाक स्टुडिओवर रायसिडा या टोळीने हल्ला केला. या वेळी आकडे खात्यांचे नव्हते. १.६७ टेराबाइट, १३ लाखांहून अधिक फाइली, मागणी ५० बिटकॉइनची, म्हणजे तेव्हाच्या दराने सुमारे २० लाख डॉलर. पैसे मिळाले नाहीत आणि आठवड्याभरात टोळीने ९८ टक्के माल उघडा केला. त्यात तयार होत असलेला गेम होता, कर्मचाऱ्यांची कागदपत्रे होती आणि जमाखर्च होता. ग्राहक कुठेच नव्हते. बाहेर आलेल्या कागदांनुसार ‘स्पायडर-मॅन २’ या एका गेमचा खर्च ३० कोटी डॉलरच्या घरात होता. सोनीने २०१९ मध्ये अख्खा स्टुडिओ घेतला होता २२ कोटी ९० लाख डॉलरना. एका गेमचा खर्च स्टुडिओच्या किमतीपेक्षा जास्त, ही माहिती कोणत्याही वार्षिक अहवालात अशी सरळ वाचायला मिळाली नसती.

शेवटचा आकडा चोरीचा नाही, विक्रीचा आहे. ३१ मार्च २०१८ पर्यंत निन्टेन्डोने १ कोटी ७७ लाख ९० हजार स्विच विकले होते. एप्रिलमध्ये त्यांच्या एनव्हिडिया चिपमधला एक दोष जाहीर झाला. तो यंत्र सुरू होतानाच्या, कारखान्यात कायमच्या कोरलेल्या भागात होता, त्यामुळे विकल्या गेलेल्या यंत्रांत कोणत्याही अपडेटने दुरुस्त होणारा नव्हता. सुधारित यंत्रे २०१८ च्या मध्यापासून बाजारात येऊ लागली. तेव्हापासून जुन्या वस्तूंच्या बाजारात खरेदीदार अनुक्रमांक विचारून घेतात, आणि सदोष स्विच निर्दोषाहून महाग विकला जातो.