नेमलेले दोन, निवडलेले दोन : गोव्याची पहिली लोकसभा निवडणूक

एखादा मुलूख मोठ्या राज्यव्यवस्थेत सामील झाला, म्हणजे निशाण एका सकाळी बदलते आणि कायद्याचे कागद काही महिन्यांत तयार होतात. परंतु त्या मुलखातील सामान्य माणसाने मोठ्या सभागृहात आपला प्रतिनिधी स्वतः निवडून धाडण्याचा प्रसंग मात्र यथावकाशच येतो, आणि तोवर त्याच्या वतीने वरून नेमलेला माणूस बोलत असतो. नवी मुंबईकरांना हा शिरस्ता अपरिचित नाही. १९९२ च्या आरंभी त्यांची महानगरपालिका अस्तित्वात आली, तरी नगरसेवक निवडण्याची पहिली संधी त्यांना १९९५ साली लाभली, आणि मधल्या काळात कारभार प्रशासकाच्या हाती राहिला. ज्या कोकण रेल्वेचे मुख्यालय याच शहरात बेलापूरला आहे, तिच्या वाटेवरील गोव्याने हाच अनुभव कितीतरी मोठ्या प्रमाणावर घेतलेला आहे.

१९ डिसेंबर १९६१ रोजी गोव्यातील पोर्तुगीज अंमल संपुष्टात आला. राज्यघटनेच्या बाराव्या दुरुस्तीने गोवा, दमण व दीव हा केंद्रशासित प्रदेश ठरला, आणि लोकसभेत त्याला दोन जागा मिळाल्या. या जागांवर प्रथम राष्ट्रपतींनी डॉ. पुंडलिक गायतोंडे आणि डॉ. आंतोनियो कुलासो यांची नियुक्ती केली. त्यांपैकी गायतोंडे हे शल्यचिकित्सक. गोवा हा पोर्तुगालचाच भाग होय, असे उद्गार १९५४ साली एका भोजनप्रसंगी निघताच त्यांनी तेथल्या तेथे निषेध नोंदविला, आणि तेवढ्या अपराधासाठी त्यांना अटक होऊन त्यांची रवानगी पोर्तुगालला झाली. अशा माणसाची योग्यता कोण नाकारील? तथापि योग्यता निराळी आणि मुखत्यारी निराळी. गोमंतकीय जनतेने त्यांना आपले मुखत्यारपत्र अद्याप दिलेले नव्हते.

दूरच्या संसदेत माणूस धाडणे ही गोष्ट गोव्याला सर्वस्वी नवी होती, असेही नाही. पोर्तुगालमधील उदारमतवादी क्रांतीनंतर १८२२ साली गोव्यातून लिस्बनच्या संसदेवर प्रतिनिधी निवडले गेले होते, आणि त्यांत बेर्नार्दो पेरिस द सिल्वा हे गोमंतकीय होते. पुढे १८६१ मध्ये फ्रान्सिस्को लुईस गोमिश या तरुण वैद्याने त्याच संसदेत प्रवेश केला आणि आपल्या वक्तृत्वाने व अर्थशास्त्राच्या व्यासंगाने तेथे नाव मिळविले. परंतु सार्वत्रिक प्रौढ मताधिकार पोर्तुगीज अमदानीत गोव्याला अखेरपर्यंत मिळाला नाही. भाटकाराच्या जमिनीत झोपडे बांधून राहणारा मुंडकार, दुसऱ्याचे शेत कसणारे कूळ, खाणीवरचा मजूर, यांना राज्यकर्त्याने मत विचारावे, ही कल्पनाच त्या राजवटीला मानवणारी नव्हती.

९ डिसेंबर १९६३ रोजी ते मत प्रथमच विचारले गेले. त्या एकाच दिवशी तीस जणांच्या विधानसभेसाठी आणि लोकसभेच्या दोन जागांसाठी मतदान झाले. पणजी आणि मुरगाव हे दोन लोकसभा मतदारसंघ. एका बाजूला खाणमालक दयानंद बांदोडकर यांचा महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष (मगो) उभा होता. त्याची निशाणी सिंह, आणि त्याचे मागणे गोव्याच्या महाराष्ट्रातील विलीनीकरणाचे, मराठीचे आणि कुळाच्या हक्काचे. दुसऱ्या बाजूला डॉ. जॅक सिक्वेरा यांचा युनायटेड गोवन्स पक्ष, निशाणी हात, आणि आग्रह गोव्याच्या स्वतंत्र अस्तित्वाचा व कोंकणीचा. या दोहोंच्या मध्ये दिल्लीत सत्तारूढ असलेली काँग्रेस सापडली आणि तिची पार वाताहत झाली. ज्या सरकारच्या सैन्याने गोवा मुक्त केला, त्याच सरकारच्या पक्षाला गोव्याच्या भूमीवर विधानसभेची एकही जागा मिळाली नाही; त्याला लाभली ती एकटी दमणची.

लोकसभेच्या दोन्ही जागा मगो आणि प्रजासमाजवादी पक्ष यांच्या युतीकडे गेल्या. पणजीतून पीटर अल्वारिस निवडून आले आणि मुरगावातून मुकुंद शिंक्रे. अल्वारिस हे समाजवादी, रेल्वे कामगारांचे पुढारी आणि नॅशनल काँग्रेस, गोवा या मुक्तिलढ्यातील संघटनेचे अध्यक्ष राहिलेले गृहस्थ. एका ख्रिस्ती पुढाऱ्याला विलीनीकरणवाद्यांच्या पाठबळावर पणजीने दिल्लीस धाडावे, ही एकच गोष्ट या निवडणुकीला निव्वळ धार्मिक गणित समजणाऱ्यांना सावध करण्यास पुरेशी आहे.

ही निवडणूक दिल्लीच्या संसदेसाठी होती खरी. पण पंचवार्षिक योजना, चीनचे आक्रमण किंवा संरक्षणखर्च यांपैकी कशानेही तिचा निकाल ठरविला नाही. तो ठरला घरच्याच प्रश्नांनी. नव्याने सामील झालेल्या अनेक प्रदेशांचा हा स्वभाव दिसतो. क्रोएशिया १ जुलै २०१३ रोजी युरोपीय संघात दाखल झाला. तत्पूर्वी त्याच्या संसदेने बारा निरीक्षक युरोपीय संसदेत पाठविले होते, आणि प्रवेशाच्या काही आठवडे आधी, १४ एप्रिल रोजी, तेथील मतदारांनी बारा प्रतिनिधी निवडले. आधी नेमलेले व मागाहून निवडलेले, हा क्रम अगदी गोव्यासारखाच. परंतु तेथे शंभरांतले सुमारे एकवीसच मतदार केंद्रांवर गेले. घरच्या राजकारणाचा पोटतिडकीचा प्रश्न मतपेटीला जोडलेला नसला, म्हणजे दूरच्या सभागृहाची ओढ किती क्षीण असते, हे त्या आकड्यावरून कळते.

मात्र असा कौल वाचताना फार जपावे लागते. मगोच्या विजयाचा अर्थ विलीनीकरणाला संमती असाच पुष्कळांनी लावला, आणि गोव्याच्या विधानसभेने १९६५ च्या आरंभी तसा ठरावही केला. केंद्र सरकारने तेवढ्यावर न थांबता हा एकच प्रश्न जनतेपुढे स्वतंत्रपणे ठेवला, आणि मतदान निःपक्षपाती व्हावे म्हणून मुख्यमंत्री बांदोडकरांचे मंत्रिमंडळ आधी पायउतार झाले. १६ जानेवारी १९६७ रोजी मतदाराच्या हाती जी मतपत्रिका आली, तिच्यावर विलीनीकरणासाठी फूल आणि केंद्रशासित प्रदेशासाठी दोन पाने होती. दोन पानांना १,७२,१९१ मते पडली आणि फुलाला १,३८,१७०. यानंतर मगोचे दिवस भरले असे कोणी म्हटले असते, तर तोही चुकला असता. कारण त्याच वर्षी मार्चअखेर झालेल्या निवडणुकीत याच मतदारांनी बांदोडकरांना पुन्हा मुख्यमंत्रिपदी बसविले.

यात विसंगती शोधण्याचे कारण नाही. ज्या कुळाला जमीन हवी होती आणि ज्या घराला मुलांसाठी गावात शाळा हवी होती, त्यांनी बांदोडकरांना मत दिले. गोवा महाराष्ट्रात असावा की नसावा, हा त्यांच्यापैकी अनेकांच्या लेखी वेगळा प्रश्न होता, आणि तो वेगळा विचारला गेला तेव्हाच त्याचे वेगळे उत्तर मिळाले. पहिल्या निवडणुकीने गोव्याचे भवितव्य ठरविले नाही. परंतु तिने दिल्लीत आणि पणजीत असे लोक बसविले, की ज्यांना डावलून ते भवितव्य हुकुमाने ठरविणे कोणालाही शक्य राहिले नाही. नेमलेल्या प्रतिनिधीचे सरकार ऐकते ते सौजन्य म्हणून. निवडलेल्याचे ऐकावे लागते, आणि प्रसंगी त्याच्याही पलीकडे जाऊन, ज्यांनी त्याला निवडले त्यांनाच पुन्हा एकदा विचारावे लागते.