विश्लेषण : साखरेचा आकडा दंडावरून मोबाइलवर येतो कसा? आणि कधी कधी अलार्म का वाजत नाही?

दंडाच्या मागच्या बाजूला चिकटवलेली, मोठ्या नाण्याएवढी पांढरी चकती हल्ली अनेक मधुमेहींच्या हातावर दिसते. तिला सीजीएम म्हणतात, म्हणजे साखर सतत मोजत राहणारं यंत्र. बोट टोचलं की त्या क्षणाचा एकच आकडा कळतो. ही चकती मात्र रात्रंदिवस मोजत राहते आणि साखर फार खाली गेली तर मोबाइलवर अलार्म वाजतो. इन्सुलिन घेणाऱ्यांसाठी, विशेषतः टाइप १ मधुमेह असलेल्या मुलांच्या आईवडिलांसाठी, रात्री अडीच वाजता वाजणारा हा अलार्म म्हणजेच या यंत्राचा खरा उपयोग. म्हणून चकती आणि मोबाइल यांच्यातली बिनतारी जोडणी नीट समजून घ्यायला हवी.

चकतीखाली केसासारखी बारीक, लवचिक तार असते. ती त्वचेखालच्या, पेशींभोवतीच्या द्रवात टेकलेली असते. तारेवरच्या एन्झाइमची ग्लुकोजशी क्रिया होऊन अगदी सूक्ष्म वीजप्रवाह तयार होतो आणि त्यावरून आकडा काढला जातो. ही साखर थेट रक्तातली नसल्यामुळे आकडा रक्तापेक्षा साधारण पाच-दहा मिनिटं मागे असतो.

जोडणीचे प्रकार दोन

पहिला प्रकार एनएफसीचा. मेट्रोचं कार्ड जसं यंत्राला टेकवतो, तसा फोन चकतीजवळ न्यायचा. ॲबट कंपनीची पहिली फ्रीस्टाइल लिब्रे अशी होती. चकती आठ तासांची माहिती साठवून ठेवते आणि विचारल्याशिवाय बोलत नाही. त्यामुळे तिच्यात आपोआप वाजणारा अलार्मही नव्हता. झोपलेला माणूस स्कॅन करणार कसा?

दुसरा प्रकार ब्लूटूथचा. यात चकती स्वतःहून बोलते. पूर्वी त्यासाठी वेगळा रिसीव्हर खिशात बाळगावा लागे. २०१३ मध्ये अमेरिकेतल्या काही तंत्रज्ञ पालकांनी तो रिसीव्हर वायरने फोनला जोडला आणि शाळेत गेलेल्या मुलांचे आकडे इंटरनेटवरून पाहायला सुरुवात केली. त्यातूनच 'नाइटस्काउट' हा मोफत प्रकल्प उभा राहिला. २०१५ मध्ये डेक्सकॉमच्या जी५ला अमेरिकेत मंजुरी मिळाली आणि आकडे रिसीव्हरशिवाय थेट फोनवर येऊ लागले. कंपन्यांच्या आधी पालक तिथे पोहोचले होते, हे मुद्दाम सांगायला हवं.

इथे वापरतात ते ब्लूटूथ कमी वीज खाणारं असतं. डेक्सकॉमचं यंत्र दर पाच मिनिटांनी जागं होतं, आकडा पाठवतं आणि पुन्हा झोपतं. असे दिवसाला २८८ आकडे होतात. चिमुकली बॅटरी दिवसेंदिवस पुरते ती याचमुळे. मात्र संदेश फार लांब जात नाही. मॉडेलनुसार सहा ते दहा मीटर, तेही मध्ये अडथळा नसेल तर. भिंत हा अडथळा आहेच, पण आपलं शरीरही आहे. शरीरात पाणी भरपूर आणि २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी पाण्यात शोषल्या जातात. चकतीचा हात अंगाखाली घेऊन झोपलात आणि फोन खोलीच्या दुसऱ्या टोकाला चार्जिंगला असेल, तर जोडणी तुटू शकते. शिवाय चकतीवर दाब पडला की साखर नसतानाही कमी दिसते, ते वेगळंच.

फोनच्या ब्लूटूथ यादीत जाऊन चकती शोधत बसू नका. जोडणी त्या-त्या कंपनीच्या ॲपमधूनच करायची असते. ॲप लोकेशनची परवानगी मागतं तेव्हा अनेकांना शंका येते. अँड्रॉइड ११ पर्यंत आसपासची ब्लूटूथ उपकरणं शोधायची तर ही परवानगी लागत असे, कारण त्या उपकरणांवरून माणूस कुठे आहे याचा अंदाज येऊ शकतो. अँड्रॉइड १२ पासून 'जवळपासची डिव्हाइस' अशी वेगळी परवानगी आली. आपला फोन कंपनीच्या यादीत आहे का, हे चकती विकत घेण्याआधी पाहावं.

अलार्म गप्प का राहतो?

बहुतेक वेळा दोष चकतीचा नसतो, फोनच्या सेटिंगचा असतो. बॅटरी वाचवण्यासाठी फोन मागे चालणारी ॲप बंद करतो. 'डू नॉट डिस्टर्ब' चालू राहतं. कुणी सवयीने सगळी ॲप वर सरकवून बंद करतं. ब्लूटूथ इअरफोन किंवा गाडीचा स्पीकर जोडला की आवाज भलतीकडे जातो. सिस्टिम अपडेटनंतर परवानग्या बदलतात. अमेरिकेच्या एफडीएने फेब्रुवारी २०२५ मध्ये नेमक्या याच कारणांमुळे महत्त्वाचे इशारे चुकत असल्याची सूचना काढली होती. त्यामुळे ॲपला बॅटरी बचतीतून वगळा, 'डू नॉट डिस्टर्ब'मध्ये त्याला मुभा द्या, फोनचं आपोआप होणारं अपडेट बंद ठेवा आणि प्रत्येक अपडेटनंतर सेटिंग पुन्हा तपासा. पाच मिनिटांचं काम आहे.

नाशिकमधल्या आईची साखर अमेरिकेतला मुलगा पाहू शकतो, पण तो आकडा चकतीकडून त्याच्याकडे थेट जात नाही. आधी ब्लूटूथने आईच्या फोनवर, तिथून इंटरनेटने कंपनीच्या सर्व्हरवर आणि मग मुलाच्या फोनवर. आईच्या फोनचा नेट पॅक संपला तरी तिच्या फोनवर आकडे येत राहतात. मुलाला मात्र काहीच कळत नाही. म्हणून फोन शांत असला तरी साखर ठीक आहे, असं त्याने धरून चालू नये. शेवटचा आकडा किती वाजता आला तेही पाहावं.

घाम, थरथर, गोंधळल्यासारखं वाटणं अशी लक्षणं असतील आणि स्क्रीनवर आकडा चांगला दिसत असेल, तर बोट टोचून खात्री करावी. त्यासाठी ग्लुकोमीटर आणि मुदतीतल्या पट्ट्या घरात हव्यातच. आणि नवा फोन घेणार असाल, तर तो चकती बदलायच्या दिवशीच सुरू करा. काही चकत्या पहिल्या फोनशीच बांधलेल्या असतात. फोन बदलला की दिवस शिल्लक असूनही काही हजारांची चकती काढून टाकावी लागते.