अक्षर जॅझचं असतं का?

संगीताच्या आल्बमवरच्या अक्षरांवर संशोधन करायचं म्हटलं की प्रस्तावात एक वाक्य हमखास येतं: ‘संगीतप्रकाराला साजेसा फाँट निवडला की श्रोत्याला संगीताची कल्पना येते.’ वाचायला छान आहे, पण यावर पीएचडी उभी राहत नाही. सगळा भार ‘साजेसा’ या एका शब्दावर आहे आणि नेमका तोच तपासलेला नाही. साजेसा म्हणजे कशामुळे? अक्षराच्या आकारामुळे, की तसली अक्षरं तसल्या संगीतावर आपण आधी शंभरदा पाहिलीत म्हणून? मार्गदर्शक पहिल्याच बैठकीत हे विचारणार, तेव्हा आपण आधीच विचारून घेऊ.

उदाहरण घेऊ ब्लू नोट या न्यूयॉर्कच्या जॅझ कंपनीचं. कंपनी १९३९ची. १९५६ ते १९६७ या काळात तिची पाचशेच्या आसपास वेष्टनं रीड माइल्स या एकाच माणसाने केली. फोटो बहुतेक वेळा फ्रान्सिस वुल्फ यांचे. छपाईचा खर्च वाचवायला रंग बऱ्याचदा दोनच. मग उरतं काय? अक्षरं. माइल्सने ती ताणली, कापली, ढीग लावून रचली. जॅकी मॅक्लीनच्या ‘इट्स टाइम!’वर तर दोनशेहून जास्त उद्गारचिन्हं ओळीने उभी आहेत, आणि मॅक्लीनचा फोटो कोपऱ्यात एवढासा. होरेस पारलानच्या ‘अस थ्री’वर १, २, ३ हे आकडेच मुख्य चित्र आहेत.

आता गंमत बघा. माइल्सला स्वतःला जॅझची फारशी आवड नव्हती, तो पाश्चात्त्य अभिजात संगीत ऐकणारा. रेकॉर्डचा मूड काय आहे हे कंपनीचा आल्फ्रेड लायन त्याला तोंडी सांगायचा. आणि त्याने वापरलेले बरेचसे टंक म्हणजे अमेरिकेतल्या वर्तमानपत्रांत आणि जाहिरातींत रोज दिसणारी साधी, जाड, बिनशेपटीची अक्षरं. त्यांच्यात ‘जॅझ’ असं काहीच नव्हतं. आज कॉफीच्या दुकानाची पाटी तशा अक्षरांत दिसली की आपण ‘जॅझी’ म्हणतो, ते माइल्सच्या मांडणीची सवय झाल्यामुळे. म्हणजे ‘ब्लू नोटची अक्षरं जॅझला साजेशी होती’ हे विधान बरंचसं उलटं आहे. जॅझ कसं दिसतं हेच आपण त्या वेष्टनांवरून शिकलो.

दुसरं उदाहरण याहून ठळक आहे. टोकदार, काळीकुट्ट ‘ब्लॅकलेटर’ अक्षरं पाहिली की हेवी मेटल आठवतं. मोटरहेडच्या १९७७च्या पहिल्या आल्बमवर बँडचं नाव तसंच आहे. पण जर्मनीत हीच घराणी शतकानुशतकं प्रार्थनेची पुस्तकं, कादंबऱ्या आणि वर्तमानपत्रं छापायला वापरत होती. जानेवारी १९४१मध्ये नाझी सरकारनेच ती बंद करायचा आदेश काढला. न्यूयॉर्क टाइम्सचं नाव आजही तसल्याच अक्षरांत छापलं जातं आणि ते वाचून कोणाला ड्रमचा आवाज ऐकू येत नाही.

मग सगळं सवयीचंच का? इथे घाईने ‘हो’ म्हणू नका. क्योलर या मानसशास्त्रज्ञाने १९२९मध्ये मांडलेला प्रयोग तुम्ही ‘बूबा-किकी’ या नावाने ऐकला असेल: एक आकृती गोलसर, एक टोकदार, आणि दोन निरर्थक शब्द. कोणतं नाव कोणाचं? बहुतेक लोक बूबा गोलाला देतात. २०२२मध्ये २५ भाषांच्या लोकांवर हे तपासलं, तेव्हा सुमारे ७२ टक्के उत्तरं अपेक्षेप्रमाणे आली. आकार आणि आवाज यांचं काहीतरी नातं आहे, आणि ते एखाद्या बाजारपेठेने शिकवलेलं नाही. फक्त ते ‘जॅझ’, ‘मेटल’ इतकं बारीक नसावं. मऊ-कडक, मोठा-हळू इतपतच असावं. हे माझं मत. तपासायचं तर असं.

आधी ‘फाँट’ हा शब्द फोडा. थिओ वान लेउवेन यांचा २००६चा लेख याला उपयोगी आहे. त्यांनी अक्षराचे सात गुण वेगळे केले: वजन, रुंदी, तिरकेपणा, वळण, जोडणी, उभी-आडवी ठेवण आणि नियमितपणा. प्रयोगात एका वेळी एकच गुण बदलायचा. मराठीत करायचं तर मोह होतो ‘मुक्ता’च्या शेजारी ‘मोदक’ ठेवायचा. मोदक इतका गुबगुबीत आहे की अक्षरांतल्या पोकळ्या जवळपास बुजल्यात. पण त्यात वजन आणि वळण दोन्ही एकदम बदलतात, मग फरक कशाचा हे सांगता येत नाही. त्यापेक्षा मुक्ताचीच सात वजनं आहेत, ती वापरा. शब्द निरर्थक घ्या, नाहीतर अर्थच उत्तर देऊन टाकेल. आणि सहभागी दोन गटांत घ्या: तो संगीतप्रकार ऐकणारे आणि अजिबात न ऐकणारे. ‘जाड म्हणजे मोठा आवाज’ हे दोन्ही गट म्हणाले, तर आकाराकडे बोट दाखवता येईल. ‘ब्लॅकलेटर म्हणजे मेटल’ हे फक्त ऐकणारेच म्हणाले, तर तो शिकलेला संकेत.

देवनागरीत आणखी एक पेच आहे आणि मला सगळ्यात जास्त रस त्यातच आहे. रोमन शब्द खालून अर्धा कापला तरी वाचता येतो, कारण ओळख पटवणारा भाग बराचसा वर असतो. वेष्टनकार याचा भरपूर फायदा घेतात. आपल्याकडे वरचा भाग कापला तर शिरोरेषा, मात्रा, वेलांटी, रफार सगळंच जातं; खालून कापलं तर उकार आणि बरीच जोडाक्षरं. अक्षरांत हवा सोडली तर शिरोरेषा तुटते आणि शब्द सुटा होतो. मोठी-लहान लिपी नाही, त्यामुळे ‘सगळं लहान अक्षरांत’ ही युक्ती मुळातच नाही. म्हणून रोमन वेष्टनांवरचे निष्कर्ष जसेच्या तसे मराठीला लावता येत नाहीत. शिवाय आपले संकेतही वेगळ्या जागी घडले. कमल शेडगे यांनी मराठी नाटकांची शीर्षकं हाताने घडवली. ती वर्तमानपत्रातल्या जाहिरातींत पाहत वाढलेल्या वाचकाची नजर वेगळी तयार झालेली असणार.

पूर्वतपासणी करणार असाल तर एक व्यावहारिक सूचना. रोमन आणि देवनागरी शेजारी ठेवताना दोन्हीला एकच पॉइंट आकार देऊ नका. वर-खाली मात्रांना जागा ठेवावी लागते, त्यामुळे देवनागरी बहुधा लहान दिसते. डोळ्याला सारखी दिसेल इतकी ती वाढवा आणि किती वाढवली ते प्रबंधात लिहून ठेवा, कारण तोंडी परीक्षेत ते विचारलं जाऊ शकतं.