विंडोज ७ मारून प्रोसेसर फास्ट होत नाही

"मशीन जुनी आहे ना, मग विंडोज ७ मारून घ्या, प्रोसेसर फास्ट पळतो." नांदेड-लातूरकडे हा सल्ला अजूनही सर्रास दिला जातो. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चे नेहमीचे अपडेट बंद झाले आणि विंडोज ११ ला इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो, तेव्हापासून तर तो जास्तच ऐकू येतो. ऐकणारा कधी पोराच्या जेईईसाठी जुना लॅपटॉप घेतलेला बाप असतो, तर कधी गावात सेवा केंद्र चालवणारा तरुण. त्याच्या मशीनवरून लोकांचे आधार आणि बँकेचे व्यवहार होतात. विंडोज ७ ला सुरक्षेचे मोफत अपडेट १४ जानेवारी २०२० पासून मिळत नाहीत, हे त्याला कुणी सांगत नाही.

मुळात प्रोसेसरची कमाल क्षमता कारखान्यातच ठरते. ऑपरेटिंग सिस्टिम तिच्यात काडीचीही भर घालत नाही. कोणत्या प्रोग्रामला, कोणत्या कोअरवर, किती मिलिसेकंद द्यायचे आणि त्या वेळी प्रोसेसरकडून किती वेग मागायचा, एवढं ती ठरवते. मोंढ्यातला मुकादम हमालाची ताकद वाढवत नाही. पोतं कुणी उचलायचं ते सांगतो.

मुकादम चांगला-वाईट असतो, हे मात्र खरं. २०२१ च्या अखेरीस आलेल्या इंटेलच्या बाराव्या पिढीत अनेक प्रोसेसरांना दोन जातींचे कोअर आहेत, काही दमदार आणि काही वीज वाचवणारे. कोणतं काम कुठे टाकायचं याची खूण प्रोसेसर स्वतः देतो, आणि विंडोज ११ ती १० पेक्षा चांगली ओळखते. म्हणजे इथे नवी सिस्टिमच सरस ठरते.

आता जुन्या मशीनचं. जानेवारी २०१८ मध्ये प्रोसेसरांतल्या 'मेल्टडाउन' आणि 'स्पेक्टर' या त्रुटी उघड झाल्या. त्यावरच्या अपडेटमुळे वेग कमी होणार होता. त्याच महिन्यात मायक्रोसॉफ्टचे टेरी मायरसन यांनी कंपनीतर्फे लिहून कळवलं, की २०१६ च्या सुमाराच्या किंवा त्यानंतरच्या प्रोसेसरवर विंडोज १० असेल तर घट एक आकडी टक्क्यांत राहील आणि बहुतेकांना जाणवणार नाही. पण २०१५ च्या किंवा त्याआधीच्या प्रोसेसरवर विंडोज ७ किंवा ८ असेल तर बहुतेकांना ती जाणवेल. जुन्या मशीनला जुनी विंडोज हलकी पडते, असं छातीठोक सांगणाऱ्यांनी हे वाचायला हवं होतं.

मग फॉरमॅट मारल्यावर मशीन पळते कशी? सुरू होतानाच उघडणारे डझनभर प्रोग्राम गेलेले असतात, म्हणून. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबा, टास्क मॅनेजर उघडेल. रडतखडत चालणाऱ्या मशीनवर बहुतेक वेळा सीपीयू दहा-पंधरा टक्क्यांवर दिसतो आणि डिस्क शंभरवर. प्रोसेसर रिकामा बसलेला असतो, फिरत्या हार्ड डिस्ककडून माहिती येण्याची वाट बघत. ती डिस्क विखुरलेल्या जागांवरून सेकंदाला शंभरेक वेळा वाचू शकते. साधी एसएसडी हजारो वेळा. तिथे एसएसडी बसवा, रॅम चार जीबी असेल तर आठ करा. विंडोज ११ बसत नसेल तर अपडेट मिळणारी एखादी हलकी लिनक्स टाका, मात्र केंद्राचं बोटांचे ठसे घेणारं यंत्र तिच्यावर चालतं का ते आधी तपासा.

बाकीचे समज थोडक्यात. डेस्कटॉपवर दहादा रिफ्रेश मारल्याने फक्त आयकॉन पुन्हा रंगवले जातात. एमएसकॉन्फिगमध्ये प्रोसेसरची संख्या निवडल्याने वेग वाढत नाही; विंडोज सगळे कोअर आधीच वापरते, त्या सेटिंगने ते कमीच करता येतात. 'सिस्टिम आयडल प्रोसेस' ९५ टक्के सीपीयू खात नाही, तेवढा सीपीयू मोकळा असतो. क्रॅक केलेली विंडोज जास्त पळते म्हणतात. कित्येक क्रॅक आधी अँटिव्हायरस बंद करायला लावतात, आणि मग मागच्या दाराने काय आलं ते कळतही नाही.

आणि मे महिन्यात दुपारीच मशीन मंदावत असेल, तर विंडोजला हात लावू नका. प्रोसेसर शंभर अंशांच्या आसपास तापला की स्वतःला वाचवण्यासाठी आपणहून वेग उतरवतो. खोलीतच बेचाळीस अंश असतील, तर धुळीने भरलेला पंखा त्याला थंड ठेवू शकत नाही. आधी तो पंखा साफ करून घ्या, आणि थर्मल पेस्ट वाळली असेल तर तीही बदलून घ्या.