तोडणी गिऱ्हाइकाने करायची

स्वीट कॉर्नचं कणीस ताटापासून सुटलं, की त्याच क्षणापासून त्याची गोडी उतरायला लागते. झाडावर असताना पानांकडून दाण्यांना साखर मिळत राहते. कणीस तोडलं की हा पुरवठा थांबतो, पण साखरेचं स्टार्च करण्याचं दाण्यांमधलं काम थांबत नाही. जुन्या वाणाचं कणीस ३० अंश सेल्सिअस तापमानात राहिलं, तर एका दिवसात त्यातली निम्म्याहून जास्त साखर जाऊ शकते. शून्य अंशाला हीच घट दिवसाला पाच-सहा टक्क्यांवर येते. अमेरिकेतल्या खेड्यांत म्हणूनच गमतीने सांगतात, की आधी चुलीवर पाणी उकळायला ठेवा आणि मगच कणीस आणायला शेतात जा.

हा विनोद ज्यांनी धंदा म्हणून मनावर घेतला, त्यांच्या शेतांच्या फाटकावर 'पिक युवर ओन' अशी पाटी दिसते. गिऱ्हाइकाने शेतात यायचं, हवा तेवढा माल स्वतः तोडायचा, वजन करायचं आणि पैसे देऊन घरी जायचं. वरवर पाहता ही सुट्टीतली मौज आहे. पण तिच्यामागे मजुरीचा, जमिनीच्या भावाचा आणि पिकाच्या वेळेचा हिशोब आहे. न्यू जर्सीत तो फार स्पष्ट दिसतो. न्यूयॉर्क आणि फिलाडेल्फिया या महानगरांच्या मध्ये वसलेलं हे राज्य लोकवस्तीच्या घनतेत अमेरिकेत पहिलं आहे. तरीही तिथल्या मोटारींच्या नंबरपाट्यांवर 'गार्डन स्टेट' असं छापलेलं असतं.

बारा महिन्यांतले सहा

तिथला तोडणीचा हंगाम मे अखेरीस स्ट्रॉबेरीने सुरू होतो. जूनमध्ये चेरी येते, तिच्या पाठोपाठ ब्लूबेरी. जुलै-ऑगस्टमध्ये पीच, टोमॅटो आणि मका. सप्टेंबरपासून सफरचंदं आणि ऑक्टोबरात हॅलोविनसाठी भोपळे. चेस्टरचं आल्स्टेड फार्म्स, प्रिन्स्टनजवळचं टरह्यून ऑर्चर्ड्स, मेडफर्डचं जॉन्सन्स कॉर्नर फार्म ही या धंद्यातली नावाजलेली ठिकाणं. टरह्यूनची बाग माउंट दांपत्याने १९७५ मध्ये घेतली, तर आल्स्टेडची सुरुवात १९८२ची.

एडिसन, प्लेन्सबरो, प्रिन्स्टन जंक्शन या पट्ट्यात मराठी कुटुंबं भरपूर आहेत आणि त्यांच्या शनिवार-रविवारच्या बेतांत ही शेतं हमखास असतात. भारतातून आलेले आईबाबा किंवा सासूसासरे उन्हाळ्यात सहा महिने मुक्कामाला असतात. त्यांचा मुक्काम आणि तोडणीचा हंगाम जवळपास एकच. ज्यांचा जन्म शेतात गेला अशा आजोबांना या प्रकाराची गंमत वाटते ती वेगळ्याच कारणाने. आपण आयुष्यभर तोडणीला माणूस मिळेना म्हणून कातावलो आणि इथे माणसं रांग लावून, वर पैसे देऊन तोडणी करतात!

आजोबांचं हे आश्चर्य अगदी नेमक्या जागी बोट ठेवतं. फळं आणि भाजीपाल्याच्या शेतीत सर्वांत जास्त माणसं लागतात ती काढणीला, आणि तीही ठरावीक आठवड्यांतच. उशीर झाला तर माल वाया जातो. काढणीनंतर प्रतवारी, खोकी, शीतगृह, वाहतूक, दलाल अशी साखळी सुरू होते आणि प्रत्येक कडीला पैसा झिरपतो. गिऱ्हाईकच शेतात आलं, तर ही सगळी साखळी एका फटक्यात गळून पडते. शेतकऱ्याला घाऊक भावापेक्षा जास्त मिळतं आणि गिऱ्हाइकाला दुकानापेक्षा ताजं.

या पद्धतीला बहर आला तो १९७०च्या दशकात. महागाई आणि तेलटंचाईचे ते दिवस. घरोघरी मोठे फ्रीझर आले होते, बरण्यांत फळं भरून ठेवण्याची जुनी सवयही टिकून होती. लोक स्टेशन वॅगन घेऊन यायचे आणि वर्षभराची बेगमी करून जायचे. शेतकऱ्याने थेट ग्राहकाला माल विकावा याला उत्तेजन देणारा कायदा अमेरिकी काँग्रेसने १९७६ मध्ये केला, तो याच वातावरणात.

एका कणसाचा सौदा

स्ट्रॉबेरीच्या रोपावरची फळं आज तोडली तरी ते दोन दिवसांनी पुन्हा फळ देतं. मक्याचं तसं नाही. स्वीट कॉर्नच्या एका ताटाला विकण्याजोगं कणीस बहुधा एकच. पाहुण्याने पालं सोलून आत डोकावलं आणि पसंत न पडून कणीस तसंच सोडलं, की ते गेलं. उघड्या दाण्यांवर किडे आणि पाखरं तुटून पडतात. म्हणून कितीतरी शेतांवर मका शेतकरीच पहाटेच्या गारव्यात तोडून आणतो आणि डझनाने विकतो. जी शेतं पाहुण्यांना मक्यात सोडतात, तिथे पहिला नियम असतो: सोलून बघायचं नाही.

मग बघायचं कसं? कणसाची केसरं सुकून तपकिरी झाली पाहिजेत, पण पालं हिरवंगार हवं. टोकाशी बोट दाबल्यावर कणीस निमुळतं न लागता भरलेलं, बोथट लागलं पाहिजे. एका हाताने ताट धरायचं, दुसऱ्याने कणीस खाली ओढून पिळायचं. केसरं बाहेर पडल्यापासून साधारण तीन आठवड्यांत दाणा दुधावर येतो आणि भर उन्हाळ्यात ही अवस्था जेमतेम काही दिवस टिकते. म्हणून शेतकरी सगळा मका एकदम पेरत नाही; आठ-पंधरा दिवसांच्या अंतराने तुकड्या-तुकड्यांनी पेरतो आणि तोडणीसाठी रोज वेगळी पट्टी खुली करतो.

प्रत्येक केसर एकेका दाण्याशी जोडलेलं असतं. त्याच्यावर पराग पडला नाही तर तो दाणा भरत नाही, आणि पराग आणतो वारा. म्हणून मका एका लांब ओळीत न लावता चौकोनी पट्ट्यांत लावतात. याच केसरांवर पतंग अंडी घालतो आणि अळी टोकातून आत शिरते. ती आपल्या हरभऱ्यावरच्या घाटेअळीची सख्खी चुलत बहीण. दोघींचं कूळ हेलिकोव्हर्पा. फवारणी कमी ठेवणाऱ्या शेतात टोकाशी एखादी अळी निघतेच. जाणकार तेवढं टोक कापून टाकतात, नवखे किंचाळतात.

गोडीची वंशावळ

गोड मका हा मुळात निसर्गाचा एक बिघाड. मक्यातलं स्टार्च नीट रचणाऱ्या एका जनुकात बदल झाला आणि दाण्यात साखर व मऊ, दुधाळ द्रव्य साठून राहू लागलं. असा मका मूळ अमेरिकी जमातींना माहीत होता. गोऱ्या वसाहतवाल्यांना तो इरोक्वॉय लोकांकडून मिळाल्याची पहिली नोंद १७७९ची सांगतात. त्याच वर्षी अमेरिकी सैन्याच्या सलिव्हन मोहिमेने इरोक्वॉयांची गावं आणि मक्याची उभी शेतं जाळली होती. ज्यांच्याकडून बी आलं त्यांच्या शेतांचं काय झालं, हे तोडणीच्या सहलीत कुणी सांगत नाही.

पुढे बराच काळ अमेरिकी माणूस पांढरा मका खायचा आणि पिवळा जनावरांचा मानायचा. बर्पी या बियाण्यांच्या कंपनीने १९०२ मध्ये 'गोल्डन बँटम' हा पिवळा वाण आणला आणि ही समजूत पालटली. तरी पूर्व किनाऱ्यावरची जुनी माणसं आजही 'सिल्व्हर क्वीन' या पांढऱ्या वाणाची चौकशी करतात.

खरी उलथापालथ झाली ती इलिनॉय विद्यापीठात. जनुकशास्त्रज्ञ जॉन लॉफनन यांचं लक्ष मक्याच्या एका सुरकुतलेल्या दाण्याकडे गेलं. त्यातलं स्टार्च बनवण्याचं कामच एका जनुकामुळे अडलं होतं, त्यामुळे साखर कितीतरी अधिक होती. १९५३ मध्ये त्यांनी हे संशोधन प्रसिद्ध केलं आणि त्यातून 'सुपरस्वीट' वाणांची शाखा निघाली. या कणसांची गोडी तोडल्यावर कितीतरी दिवस टिकते. फ्लोरिडात तोडलेलं कणीस ट्रकमधून हजार मैल जाऊन दुकानात गोडच लागतं. आपल्याकडे 'अमेरिकन मका' म्हणून लोणी-मसाला लावून कपात मिळतो, तोही मुख्यतः याच कुळातला.

थोडक्यात, शेतात धावत जाण्याचं मूळ कारणच विज्ञानाने काढून घेतलं. साखर वाचवायला आता फाटकापर्यंत जायची गरज उरली नाही. तरीही गाड्या येतच राहिल्या. मग लोक येतात तरी कशासाठी?

सहलीचं अर्थशास्त्र

सत्तरच्या दशकात येणारं कुटुंब माल भरून नेत असे. पुढे बायका नोकरीला लागल्या, बरण्या भरायला वेळ उरला नाही आणि सुपरमार्केटात बाराही महिने सगळं मिळू लागलं. आजचं कुटुंब एक पिशवी सफरचंदं नेतं आणि दुपारभर रमतं. शेतकऱ्याने हे ओळखलं. ट्रॅक्टरच्या गाडीतून फेरी, मक्याच्या उंच ताटांतला भुलभुलैया, सफरचंदाचा सायडर घालून केलेले डोनट, बकऱ्यांना चारा. मग प्रवेशशुल्क आलं. २०२०च्या साथीच्या काळात मोकळ्या हवेतली ही एकच सहल उरली, तेव्हा कित्येक शेतांनी आधी वेळ राखून ठेवायची पद्धत सुरू केली आणि पुढेही ती चालू ठेवली. आता काही ठिकाणी मालापेक्षा तिकिटाचीच कमाई मोठी असते.

यावर नाक मुरडणं सोपं आहे. पण शहराला खेटून असलेल्या शेतजमिनीचं आकर्षण बिल्डरला किती असतं, हे पुणे-नाशिकच्या वाचकाला सांगायला नको. न्यू जर्सीने यावर दोन उपाय केले. १९६४च्या कायद्याने, किमान पाच एकर जमीन खरोखर शेतीखाली असेल, तर तिच्यावरचा मालमत्ता कर बाजारभावाने न लावता शेतीच्या मूल्यावर लावायचं ठरलं. ऐंशीच्या दशकात त्याहून पुढची योजना आली. जमिनीवर घरं बांधण्याचा हक्क सरकार शेतकऱ्याकडून विकत घेतं. बिल्डरचा भाव आणि शेतीचा भाव यांतला फरक शेतकऱ्याला रोख मिळतो, जमीन त्याचीच राहते, तो ती विकूही शकतो. मात्र तिथे पुढे कुणालाही फक्त शेतीच करता येते. अशी जमीन आज अडीच लाख एकरांच्या आसपास आहे. तोडणीची सहल टिकली ती या आधारावर. नागरिकाने करातून शेत वाचवलं आणि मुलांना घेऊन ते बघायला तोच पुन्हा पैसे देऊन आला.

मजुरीवर तोडणारे हात

या चित्राची दुसरी बाजू राज्याच्या दक्षिणेला हॅमंटनला दिसते. हे गाव स्वतःला ब्लूबेरीची जागतिक राजधानी म्हणवतं. जून-जुलैत तिथे लॅटिन अमेरिका आणि कॅरिबियनमधून आलेले मजूर उन्हात तोडणी करतात, किती भरलं त्यावर मजुरी घेतात. फळ तेच, झुडूप तेच. एकाला ते तोडण्याचे पैसे मिळतात, दुसरा ते तोडण्याचे पैसे देतो.

ब्लूबेरीच्या जन्मकथेतच असे तोडणारे हात आहेत. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत ब्लूबेरी हे रानफळ होतं. न्यू जर्सीतल्या व्हाइट्सबॉगच्या एलिझाबेथ व्हाइट यांनी सरकारी वनस्पतिशास्त्रज्ञ फ्रेडरिक कोव्हिल यांच्या साथीने त्याची लागवड करायचं ठरवलं. त्यांनी रानात फळं वेचणाऱ्यांना पाच-अष्टमांश इंचाचं भोक पाडलेली मोजपट्टी दिली. ज्या झुडपाची फळं त्या भोकातून जाणार नाहीत, ते दाखवणाऱ्याला इनाम. झुडपाला नावही त्याचंच. रूब लीक नावाच्या माणसाने शोधलेल्या झुडपाचा 'रुबेल' हा वाण अजून लावला जातो. १९१६ मध्ये लागवडीच्या ब्लूबेरी पहिल्यांदा बाजारात आल्या. शास्त्रज्ञाला संकराचं तंत्र माहीत होतं. रानातलं उत्तम झुडूप कुठलं, हे वेचणाऱ्याला माहीत होतं.

तोडणीला कमी दर्जाचं काम मानणाऱ्यांनी ही गोष्ट ध्यानात ठेवावी. कणीस न सोलता दाणा ओळखणं, पीच न दाबता पिकल्याचं समजणं, फांदी न मोडता सफरचंद वर उचलून काढणं हे कसब आहे. तासभर शेतात घाम गाळून एक टोपली भरणाऱ्याला निदान एवढं तरी कळतं, की दुकानातला भाव कशाचा असतो.

हुरड्याच्या आगटीपाशी

महाराष्ट्राला ही कल्पना परकी नाही. हुरडा म्हणजे तरी काय? ज्वारीचा दाणा दुधावरून चिकावर येतो, साखरेचं पुरतं स्टार्च झालेलं नसतं, तेवढ्या मोजक्या दिवसांत कणसं खुडायची, आगटीत भाजायची आणि हातावर चोळून गरम असतानाच खायची. गूळभेंडीसारखे वाण त्यासाठीच राखले गेले. हुरडा टिकत नाही, म्हणून माणसाने शेतात जायचं. न्यू जर्सीच्या मक्याचं शास्त्र आणि आपल्या ज्वारीचं शास्त्र एकच.

आता हुरडा पार्ट्यांची तिकिटं निघतात. महाबळेश्वर-पाचगणीकडे पर्यटकांना स्ट्रॉबेरीच्या वाफ्यांत सोडणारी शेतं आहेत. तिथल्या स्ट्रॉबेरीला २०१० मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. राज्य सरकारने २०२० मध्ये कृषी पर्यटनाचं धोरणही मंजूर केलं. पण आपल्या पार्टीत पाहुणा बहुतेक वेळा आयता बसतो. खुडणं, भाजणं, चोळणं सगळं यजमानांच्या घरातल्या बायामाणसांकडे आणि पाहुण्याचं लक्ष थालीपीठ अमर्यादित आहे की नाही याकडे. शेत मागे पडद्यासारखं उभं.

पाहुण्याला ताटांत उतरवावं, कुठलं कणीस चिकावर आलंय ते ओळखायला लावावं, चुकला तर त्याचेही पैसे घ्यावेत. गिऱ्हाइकाने शेवटचं काम केलं, की शेतकऱ्याचे कष्ट कमी होतात आणि गिऱ्हाइकाची घासाघीसही. मात्र न्यू जर्सीचा दुसरा धडा पहिल्याहून मोठा आहे. पर्यटनाच्या धोरणाने पाहुणा शेतापर्यंत पोचेल. पण शहराच्या वेशीवरची जमीन प्लॉटिंगपासून वाचवायची, तर शेतकऱ्याला ती न विकण्याचे पैसे मिळायला हवेत. तो हिशोब एकट्या हुरड्याच्या तिकिटातून भागणार नाही. तो शहराने आपल्या करातून भागवायचा आहे.