गाडीतला वास : आधी पत्ता शोधा, मग उपाय करा!

जुनी गाडी म्हटलं की लोक तिचा हॉर्न, क्रोमचे बंपर आणि स्टीअरिंगखालचा गिअर यांच्याबद्दल भरभरून बोलतात. तिच्या आतल्या वासाबद्दल मात्र कुणी बोलत नाही. कारण साधं आहे भो, विषय काढला की नाक धरावं लागतं!

जळगावला माझ्या मामांकडे प्रीमियर पद्मिनी आहे. कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेली ही १०८९ सीसीची गाडी म्हणजे मूळची फियाट ११००. मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ अखेर निवृत्त झाली, मामांची मात्र अजून चालते. अडचण एकच. मागच्या सीटवर बसून भुसावळपर्यंत गेलं तरी मामीचं डोकं दुखायला लागायचं. "एकतर गाडी विका, नाहीतर मी एस.टी.नं जाते," हा मामीचा निकाल. मामांचा उपाय म्हणजे आरशाला टांगलेली मोगऱ्याच्या सेंटची बाटली. त्यानं वास गेला नाही, एकाचे दोन झाले!

सुट्टीत मी आणि आमच्या ओळखीचे मिस्तरी चाचा यांनी हे काम हातात घेतलं. त्यात जे कळलं ते सांगतो.

नाक हेच मीटर

आपलं नाक काही मिनिटांतच वासाला सरावतं. म्हणून रोज गाडी चालवणाऱ्याला वास येत नाही, नवा माणूस बसला की लगेच तोंड वाकडं करतो. यावर युक्ती अशी : सेंट काढून टाका, काचा लावून गाडी तासभर उन्हात उभी करा. जळगावचं ऊन यासाठी फुकटची प्रयोगशाळा आहे. तापलं की पदार्थ जास्त उडतात आणि वास ठळक होतो. मग दार उघडताच पहिला श्वास महत्त्वाचा. पुढचा गालिचा, मागची सीट, डिकी असं एकेक ठिकाण हुंगा, मध्ये दोन मिनिटं मोकळ्या हवेत जा.

वास काय सांगतो?

कुबट वास म्हणजे ओल आणि बुरशी. सडक्या अंड्यासारखा वास म्हणजे बॅटरी जास्त चार्ज होतेय, रेग्युलेटर तपासा. गोडसर वास आला तर कूलंट गळतंय. जळक्या प्लास्टिकचा वास आला तर गाडी थांबवा आणि आधी बॅटरीची वायर काढा. पेट्रोलचा वास टाकी भरल्यावर वाढत असेल तर भरायच्या नळीचा रबरी जोड बघा. आता पंपावर २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं, ते जुन्या रबराला मानवत नाही. नळ्या बदलताना इथेनॉलला टिकणाऱ्याच घ्याव्यात.

मामीच्या डोकेदुखीचं कारण

आम्ही तीन वेळा हुंगून पाहिलं. इंजिन बंद असताना नुसता कुबट वास. इंजिन चालू करून उभ्या गाडीत धुराचा अगदी पुसट वास. गाडी पळवली आणि मागच्या काचा उघडल्या की धूर स्पष्ट!

याचं कारण आपण फ्लुइड मेकॅनिक्समध्ये शिकतो. धावत्या गाडीच्या मागे हवेचा दाब कमी होतो आणि सायलेन्सरचा धूर तिथेच घोटाळतो. मागच्या काचा उघडल्या की आतली हवा बाहेर ओढली जाते आणि तिची जागा भरायला डिकीच्या फटीतून धूर आत येतो. चाचांनी डिकीच्या कडेला कागद ठेवून झाकण लावलं. कागद ओढला तर सहज निघाला! रबर वाळून लाकडासारखं झालं होतं.

इथे प्रश्न नुसत्या वासाचा नाही. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला स्वतःचा वास नसतो आणि तो रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनच्या दोनशे पटींहून जास्त जोरानं चिकटतो. डोकेदुखी ही त्याची पहिली सूचना. सेंटनं वास झाकणं म्हणजे धोक्याची घंटा कापडात गुंडाळणं. आम्ही डिकीचं रबर नवं बसवलं, सायलेन्सरचा गळका जोड बदलला.

कुबट वासाचा बंदोबस्त

आता राहिली ओल. एकानं बाहेरून काचेवर पाण्याची नळी धरली, दुसरा आत टॉर्च घेऊन बसला. पुढच्या काचेच्या रबराच्या कोपऱ्यातून पाणी झिरपत होतं आणि गालिच्याखालचं नमदं ते पिऊन बसलं होतं. दारांच्या तळाची निचऱ्याची भोकंही धुळीनं बुजलेली. नमदं फेकलं, पत्रा घासून गंजरोधक रंग दिला, भोकं मोकळी केली, काचेचं रबर बदललं. सीट काढून दोन दिवस उन्हात ठेवल्या. उरलासुरला वास जायला खाण्याचा सोडा भुरभुरला, रात्रभर ठेवून ब्रशनं झाडला.

क्रम लक्षात ठेवा : आधी गळती बंद, मग वाळवण, मग स्वच्छता, आणि सगळ्यात शेवटी हवं तर सेंट. उलटं केलंत तर पैसे वाया!

आणि हॉस्टेलच्या दोस्तांनो, एक कळकळीची विनंती. ट्रिपला गेल्यावर एसी लावून बंद गाडीत झोपू नका, बंद गॅरेजमध्ये इंजिन चालू ठेवू नका. गाडीत बसून कुणाचं डोकं दुखलं तर "उन्हामुळे असेल" म्हणून सोडून देऊ नका. काचा उघडा, गाडी थांबवा, खाली उतरा.

मामी आता भुसावळला गाडीनंच जाते. भरीत पार्टीहून परतताना मात्र भाजल्या वांग्याचा वास दोन दिवस राहतो, पण त्याबद्दल खानदेशात तक्रार कोण करणार?